गोळी सकाळी, कॅप्सूल जेवणानंतर: एवढं अंतर पुरतं का?

वाचकाचं पत्र

माझे यजमान ५४ वर्षांचे आहेत. उदासीसाठी तीन महिन्यांपासून मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार चालू आहेत. सकाळी एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅम आणि रात्री क्लोनाझेपाम ०.२५. ब्लडप्रेशरची अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि अ‍ॅस्पिरिन ७५ आधीपासूनच आहेत. गुडघ्यांसाठी हळदीच्या कॅप्सूल घेतात. गोळीने फरक पडला, पण दिवसभर सुस्ती असते. नणंदबाई न्यू जर्सीहून आल्या तेव्हा सेंट जॉन्स वर्टच्या ३०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल घेऊन आल्या. झाडपाल्याचं औषध आहे, अपाय नाही म्हणाल्या. आधी रोज एक दिली. गेल्या सोमवारपासून बाटलीवर लिहिल्याप्रमाणे तीन. गोळी पहाटे उठल्याबरोबर आणि कॅप्सूल खाण्यानंतर, असं अंतर ठेवते. मंगळवारपासून त्यांचे हात थरथरतात, दोन-तीनदा जुलाब झाले, रात्री बनियन भिजेल एवढा घाम येतो, एका जागी बसवत नाही. दीर म्हणतात, ही इंग्रजी गोळीची उष्णता आहे, ती बंद करा आणि अश्वगंधा द्या, नाहीतर सवय लागेल. त्यांनी झोपेच्या पुड्याही आणून ठेवल्या आहेत. काय करू? डॉक्टरांना सांगितलं तर ते रागावतील का?
– एक वाचक, मिरज

ताई,

तातडीचं तेवढं तुम्हाला पत्र मिळालं त्याच दिवशी फोनवर कळवलं होतं. इथे ते पुन्हा देतो, कारण अशीच बाटली आणखी बऱ्याच घरांत असणार. सेंट जॉन्स वर्ट आजच बंद. एस्सिटॅलोप्रॅम आपल्या मनाने बंद करायची नाही, पण पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करून लक्षणं सांगायची आणि ती द्यायची की एक-दोन दिवस थांबवायची हे त्यांनाच विचारायचं. अश्वगंधा, पुड्या, हळदीच्या कॅप्सूल, सगळं तूर्त बाजूला.

यजमानांना जे होतंय ते उष्णतेने नाही. एस्सिटॅलोप्रॅम त्यांना तीन महिने त्याच मात्रेत चालू आहे. मळमळ, पातळ शौच, किंचित थरथर असे त्या गोळीचे त्रास होतात ते बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत, आणि मग ओसरतात. तीन महिन्यांनी अचानक सुरू होत नाहीत. इथे कॅप्सूल सोमवारी एकाच्या तीन झाल्या आणि मंगळवारी हात थरथरू लागले. सिरोटोनिन हे मेंदूतलं रसायन जास्त झाल्याची लक्षणं मात्रा वाढवल्यापासून साधारण २४ तासांच्या आत दिसू लागतात, बऱ्याचदा ६ तासांतच. तारखा इतक्या चपखल जुळत असताना दुसरं कारण शोधत बसण्यात अर्थ नाही.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना सिरोटोनिन सोडतात आणि काम झालं की परत ओढून घेतात. एस्सिटॅलोप्रॅम हे परत ओढणं अडवते, तेच तिचं काम. सेंट जॉन्स वर्टमधला हायपरफोरिन हा घटकही तेच करतो, वाट थोडी वेगळी एवढंच. म्हणजे यजमान नकळत एकाच कामाची दोन औषधं घेत होते. ही वनस्पती बिनकामाची अजिबात नाही. जर्मनीत सौम्य ते मध्यम उदासीसाठी डॉक्टर ती लिहून देतात. गुण आहे म्हणूनच धोका आहे. अमेरिकेत मात्र १९९४ च्या कायद्याने असल्या वस्तू आहारपूरक म्हणून विकल्या जातात. बाजारात आणण्याआधी परवानगी लागत नाही, दुकानात शेल्फवर उचलायच्या. नणंदबाईंना ती निरुपद्रवी वाटली यात त्यांचा दोष नाही. घरात कोणी त्यांना बोलू नये.

सध्याची लक्षणं सौम्य आहेत. कॅप्सूल थांबवल्यावर एक ते तीन दिवसांत ओसरायला हवीत. तोवर पाणी, ओआरएस, पेज चालेल. या दिवसांत त्यांना एकटं ठेवू नका, गाडी चालवू देऊ नका. खोकला आला तर घरात पडलेलं सिरप देऊ नका. कोरड्या खोकल्याच्या बऱ्याच सिरपांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं आणि तेही सिरोटोनिन वाढवतं. अंगदुखीला ट्रामाडॉल असलेली गोळी नको, त्याच कारणासाठी. (‘झाडपाल्याचं म्हणजे सुरक्षित’ हे जसं खोटं, तसं ‘मेडिकलमधलं म्हणजे सुरक्षित’ हेही खोटंच.)

पुढचं काही दिसलं तर मात्र फोनाफोनीत वेळ घालवू नका, १०८ ला फोन करून सरळ मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या: ताप १०१ च्या वर जाणं, पाय कडक होणं किंवा पोटऱ्यांना झटके येत राहणं, असंबद्ध बोलणं, छातीत धडधड, उजेडातही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच राहणं. हा ताप जंतूंचा नसतो, स्नायू सतत आखडत राहिल्याने अंग तापतं, म्हणून पॅरासिटामॉलने उतरत नाही. घाम पुसून आणि गोळी देऊन वाट पाहिली तर मोलाचे तास जातात. तिथले डॉक्टर पाऊल झटकन वर दाबून पाहतील. घोट्यापासून पाऊल आपोआप पुन्हा पुन्हा उडायला लागलं तर निदान जवळपास पक्कं होतं. तिथे पोचल्यावर पहिल्या वाक्यात सांगायचं ते एवढंच: ‘एस्सिटॅलोप्रॅम चालू आहे, त्यावर सेंट जॉन्स वर्ट दिलं.’ हे न सांगितल्यास डेंग्यू-मलेरियाच्या तपासण्यांपासून सुरुवात होईल.

आता तुमच्या अंतराबद्दल. पहाटे गोळी आणि खाण्यानंतर कॅप्सूल ही काळजी तुम्ही मनापासून घेतलीत, पण इथे तिचा उपयोग नव्हता. अंतर उपयोगी पडतं ते दोन वस्तू पोटात एकमेकींना अडवत असतील तेव्हा. इसबगोल हे त्याचं चांगलं उदाहरण. त्याचा चिकट थर गोळी शोषून घेऊ देत नाही, म्हणून गोळी आणि इसबगोल यांत किमान दोन तास ठेवायचे, आणि तेवढं पुरतं. एस्सिटॅलोप्रॅमचं तसं नाही. आज पहाटे घेतलेल्या गोळीतली निम्मी मात्रा उद्या दुपारपर्यंत रक्तात असते, कारण ती निम्मी व्हायलाच २७ ते ३२ तास लागतात. दोन औषधांची गाठ पोटात नाही, रक्तात आणि मेंदूत पडते. तिथे सकाळ-संध्याकाळ असा फरक उरत नाही.

सेंट जॉन्स वर्टची दुसरी खोड याहून फसवी आहे. ते यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा वाढवतं. आठवडाभरात हा परिणाम दिसू लागतो, दोन आठवड्यांत पुरता होतो. मग तुम्ही दिलेली गोळी शरीर नेहमीपेक्षा लवकर मोडून बाहेर टाकतं. एस्सिटॅलोप्रॅम, क्लोनाझेपाम, अ‍ॅम्लोडिपिन, तिन्ही याच वाटेने मोडतात. म्हणजे सुरुवातीला सिरोटोनिन जास्त, आणि पुढे गोळ्या अपुऱ्या पडून झोप उडणं, ब्लडप्रेशर वाढणं. घरच्यांना वाटतं आजार उलटला, डॉक्टर मात्रा वाढवतात, आणि खरं कारण कपाटातल्या बाटलीत असतं. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, एचआयव्हीची औषधं, किडनी बदलल्यावर घ्यायचं सायक्लोस्पोरिन ही सगळी या एका वनस्पतीने निष्प्रभ होऊ शकतात. ज्यांच्या घरी अशी औषधं आहेत त्यांनी ही बाटली घरात आणूच नये. परदेशी बाटलीवर हायपरिकम (हे सेंट जॉन्स वर्टचंच दुसरं नाव), ५-एचटीपी, ग्रिफोनिया किंवा सॅम-ई यांपैकी काहीही छापलेलं असेल तर उदासीच्या गोळीबरोबर ती नको. ५-एचटीपी तर झोपेच्या रंगीत गमीजमध्येही घालतात. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ लिहिलं असेल तर कुठली वस्तू किती, हे कळायला मार्गच नसतो.

अश्वगंधेचं प्रकरण एवढं गंभीर नाही, पण दीर म्हणतात तितकं सरळही नाही. ती स्वतःच गुंगी आणते, त्यात क्लोनाझेपाम आहेच. ज्या सुस्तीची तुमची तक्रार आहे तीच वाढेल. ब्लडप्रेशर थोडं उतरवते, म्हणजे अ‍ॅम्लोडिपिनच्या जोडीला उठताना चक्कर. थायरॉइडचं संप्रेरक वाढवू शकते, आणि ते वाढलं की थरथर, घाम, धडधड हीच लक्षणं दिसतात, म्हणजे आताचा गोंधळ दुप्पट. क्वचित यकृताला सूज येऊन कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत, बहुतेक दोन ते बारा आठवड्यांत. तेव्हा आता नकोच. पुढे कधी घ्यायची झालीच तर लक्षणं पूर्ण थांबल्यावर, डॉक्टरांच्या संमतीने, एकटी अश्वगंधा, यकृत आणि थायरॉइडच्या तपासण्या करून. लघवी गडद पिवळी, अंगाला खाज किंवा डोळे पिवळे झाले की त्याच दिवशी बंद. उदासीच्या गोळीच्या जागी अश्वगंधा हा बदल मात्र कोणत्याच हिशेबात बसत नाही.

झोपेच्या पुड्यांनी आम्हाला जास्त चिंतेत टाकलं. बिनलेबलच्या पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही कधी कधी नीट माहीत नसतं. झोपेच्या देशी औषधांत सर्पगंधा आणि खुरासनी ओवा ही दोन द्रव्यं बरीच वापरली जातात, आणि दोन्ही इथे नकोत. सर्पगंधेचा ब्लडप्रेशरवरचा गुण जगापुढे नेला तो आपल्याच मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी, १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमधल्या लेखातून. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं आणि ते जगभर वापरात आलं. मग असं दिसलं की ते घेणारे काही रुग्ण खोल उदासीत जातात. रेसरपिन मेंदूतल्या पेशींमधले सिरोटोनिन, डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचे साठे रिकामे करतं. उदासी किती जणांना येते यावर नंतर मतभेद झाले, पण ज्याला उदासी आहे किंवा पूर्वी होऊन गेली आहे त्याला रेसरपिन देऊ नये, ही सूचना कायम आहे. यजमानांना एकीकडे गोळी देऊन दुसरीकडे ही पुडी देणं म्हणजे गोळीचं काम रोज रात्री पुसून टाकणं. खुरासनी ओव्याने तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, बद्धकोष्ठ होतं, वयस्कर माणूस रात्री भांबावून काहीबाही बोलतो. अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही उदासीवरची जुनी गोळी घेणाऱ्यांना हे सगळे त्रास आधीच असतात, त्यांनी तर याच्या जवळही जाऊ नये. जटामांसी आणि तगर त्या मानाने सौम्य, तरी क्लोनाझेपामवर गुंगीची भर टाकतातच.

हळदीच्या कॅप्सूलबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, पण त्यावर थांबायला हवं. आमटीत पाव चमचा हळद पडते, म्हणजे ग्रॅमभरही नाही. त्यात करक्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य औषधी द्रव्य, फार तर ३० मिलिग्रॅम, आणि ते चौघांत वाटलं जातं. कॅप्सूलमध्ये बहुधा ५०० मिलिग्रॅम अर्क असतो, त्यात ९५ टक्के करक्युमिनॉइड. वर शोषण वाढवायला मिऱ्यातलं पिपेरिन. पिपेरिन फक्त हळदीलाच मदत करून थांबत नाही, यकृत आणि आतड्यातली औषधं मोडण्याची क्रियाही मंदावतं. ते किती जोरकस आहे बघा: क्षयरोगावरच्या एका भारतीय संयुक्त गोळीत १० मिलिग्रॅम पिपेरिन घालून रिफॅम्पिसिन ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणलं गेलं. फोडणीतल्या चार मिऱ्यांनी काही होत नाही. रोजची कॅप्सूल किंवा चमचाभर त्रिकटू महिनोन्‌महिने घेणं वेगळं.

शिवाय रक्तस्रावाचा प्रश्न आहे. रक्त गोठवणाऱ्या पेशींनाही सिरोटोनिन लागतं, आणि एस्सिटॅलोप्रॅमने त्यांच्यातलं सिरोटोनिन घटतं. अ‍ॅस्पिरिन त्याच पेशींना दुसऱ्या बाजूने रोखतं. या दोन गोळ्या एकत्र असल्या की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका थोडा वाढतोच. डॉक्टरांनी तो विचारात घेऊन त्या दिल्या असतील. त्यावर हळदीचा अर्क, लसणाच्या कॅप्सूल किंवा जिन्को अशी तिसरी वस्तू नको. शौच डांबरासारखी काळी आणि चिकट झाली, हिरड्यांतून रक्त आलं, न लागताच काळेनिळे डाग उठले तर लगेच दाखवा. गुडघ्यासाठी वरून लावायचं जेल किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल चालेल. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅकच्या गोळ्या मनाने नकोत.

एवढं वाचून तुम्ही स्वयंपाकघराला कुलूप लावाल अशी भीती वाटते. आलं घातलेला चहा, तुळशीची पानं, जिरं-ओवा, भाजी-आमटीतली हळद, सणाला दुधात केशराच्या चार काड्या, यातलं काहीच बंद करायचं नाही. डोक्याला ब्राह्मी-माक्याचं तेलही चालेल. पोटात घ्यायची ब्राह्मी विचारून घ्या. त्या नावाने आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, आणि त्यातली बाकोपा नावाची प्रयोगशाळेत औषधं मोडण्याच्या क्रियेत अडथळा आणते. घशासाठी ज्येष्ठमधाची कांडी दोन दिवस चघळली तर हरकत नाही. त्याचं चूर्ण आठवडेच्या आठवडे घेतलं तर ब्लडप्रेशर चढतं आणि पोटॅशियम उतरतं. एस्सिटॅलोप्रॅम मोठ्या मात्रेत हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करते, आणि पोटॅशियम कमी असलं की तो धोका वाढतो.

दीरांच्या ‘सवय लागते’ या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे, फक्त गोळी चुकली. सवय लागते ती क्लोनाझेपामची. ती किती दिवस चालवायची आणि कधी कमी करायची हे पुढच्या भेटीत नक्की विचारा. एस्सिटॅलोप्रॅमची ओढ लागत नाही, मात्रा वाढवत न्यावीशी वाटत नाही. पण ती एकदम तोडली तर दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात वीज चमकून गेल्यासारखं वाटणं सुरू होतं. लोक त्यालाच सवय म्हणतात. शिवाय उदासी परतते. पूर्ण बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात, मग १० ची ५ करून काही आठवडे, आणि मग बंद. तीन महिने ही थांबायची वेळ नाही.

सुस्तीवरही उपाय आहेत, आणि त्या सगळ्या खटाटोपाचं मूळ तिथेच होतं. दिवसाची सुस्ती गोळीची आहे की रात्रीच्या क्लोनाझेपामची, हे डॉक्टर वेळ बदलून किंवा मात्रा कमी करून पाहतील. गरज पडली तर दुसरी गोळी देतील. आणखी एक गोष्ट पत्रांत कोणी लिहीत नाही. या गोळ्यांनी पुष्कळ पुरुषांची कामेच्छा कमी होते किंवा वीर्यपतनाला फार वेळ लागतो, आणि ते गुपचूप ‘शक्तीच्या’ कॅप्सूल आणतात. त्यांत खाजकुहिलीचं बी असतं, ज्यात डोपामिन वाढवणारं एल-डोपा असतं. काहींत तर न सांगता सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) मिसळलेलं सापडलं आहे, जे ब्लडप्रेशरच्या गोळीबरोबर प्रेशर आणखी खाली आणू शकतं. यजमानांना एकट्याने विचारा. याही तक्रारीवर डॉक्टरांकडे साधे उपाय असतात.

इतर गोळ्या घेणाऱ्या वाचकांसाठी थोडं. लिथियम चालू असेल तर पुनर्नवा, गोखरू अशी लघवी वाढवणारी औषधं विचारल्याशिवाय नकोत, लिथियम रक्तात साचू शकतं. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्यांनी अश्वगंधारिष्ट, सारस्वतारिष्ट किंवा कुठलंही आसव घेऊ नये. त्यांत ५ ते १० टक्के अल्कोहोल आपोआप तयार झालेलं असतं आणि दोन चमच्यांनीही चेहरा लाल होऊन उलट्या, धडधड होऊ शकते. उदासीवरची फ्लुऑक्सेटिन ही गोळी बंद केल्यावरही तिचा अंश जवळपास पाच आठवडे शरीरात राहतो, म्हणजे ‘गोळी मागच्या आठवड्यातच सोडली’ म्हणून नवं काही सुरू करायला मोकळीक मिळत नाही.

डॉक्टर रागावतील का? एखादे रागावतीलही. तरी सांगाच. एका कापडी पिशवीत सेंट जॉन्स वर्टची बाटली, हळदीच्या कॅप्सूल, पुड्या, सगळ्या गोळ्यांची पाकिटं भरा. बाटली फेकून दिली असेल तर केराच्या डब्यातून काढा, लेबल महत्त्वाचं आहे. कागदावर चार रकाने आखा: काय, किती, कधी सुरू, त्रास कधी सुरू. आयुर्वेदिक औषध घ्यायचंच असेल तर पदवीधर वैद्यांकडून घ्या, आणि हाच कागद त्यांच्याही पुढे ठेवा. डब्यावर परवाना क्रमांक, बॅच, मुदत, उत्पादकाचा पत्ता आणि प्रत्येक घटकाचं प्रमाण छापलेलं नसेल तर घेऊ नका. औषधाचा दुष्परिणाम १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवता येतो. यजमानांचं मन फार खचलं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्रीअपरात्रीही फोन लागतो.

कॅप्सूल थांबवल्यावर यकृत पूर्ववत व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात रोज एकाच वेळी ब्लडप्रेशर मोजून लिहून ठेवा. मधल्या दिवसांत डॉक्टरांनी कुठल्याही गोळीची मात्रा वाढवली असेल तर ती आता जास्त होऊ शकते. पावलांवर सूज आली, उठताना अंधारी आली किंवा सकाळी जाग येईना, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्यांना कळवा.